बुद्धीची ओळ, सौभाग्याची ओळ

दिवाळीच्या शारदापूजनात नव्या वहीच्या पहिल्या पानावर काही मागण्या लिहिण्याची रीत श्वेतांबर व्यापारी कुटुंबांत आहे. त्या ओळी बहुतेकांना पाठ असतात. गौतमस्वामींची लब्धी, भरत चक्रवर्तींची ऋद्धी, बाहुबलींचे बळ, अभयकुमारांची बुद्धी, कयवन्ना शेठांचे सौभाग्य. हात सरावाने चालतो, ओळी भरभर उमटतात आणि म्हणूनच एक गोष्ट नजरेतून सुटते. बुद्धी आणि सौभाग्य या तेथे दोन वेगळ्या मागण्या आहेत. ही यादी ज्या कोणी रचली, त्याला अभयकुमारांची बुद्धी लाभली की व्यापाराचे काम भागले, असे वाटले नाही. सौभाग्यासाठी त्याने स्वतंत्र ओळ ठेवली.

वर्ष सरते, ताळेबंद तयार होतो आणि तेथे मात्र या दोन ओळी एकमेकींत मिसळून जातात. नफा झाला असेल तर तो सगळा बुद्धीच्या खात्यावर जमा होतो. तोटा झाला असेल तर तो सौभाग्याच्या नावे टाकला जातो. शेजारच्या पेढीचा हिशेब करताना हीच खाती उलटी मांडली जातात: त्याचा नफा नशिबाचा, त्याचा तोटा अकलेचा. हा मनुष्यस्वभावच आहे आणि तो सर्व देशांत, सर्व काळांत आढळतो. परंतु व्यापारी घरात त्याचा परिणाम गप्पांपुरता राहत नाही. भांडवल कोणत्या मुलाच्या हाती द्यायचे, उधारी कोणाची वाढवायची आणि कोणाची तोडायची, मुलगी कोणत्या घरी द्यायची, हे सारे निर्णय याच हिशेबावर ठरतात.

या हिशेबाची गफलत किती मोठी होऊ शकते, हे पाहण्यासाठी मुंबईच्या इतिहासातील एका जैन शेठजींचे चरित्र पुरेसे आहे. प्रेमचंद रायचंद यांचा जन्म १८३१ मध्ये सुरतेचा. मुंबईत ते दलालीच्या धंद्यात आले तेव्हा इंग्रजी लिहिता-वाचता येणारा देशी दलाल विरळाच होता आणि हे भाषेचे साधन त्यांना फार उपयोगी पडले. लिव्हरपूलच्या कापूसबाजाराची बातमी त्या काळी टपालाच्या आगबोटीने येई. आगबोट बंदराला लागण्यापूर्वीच प्रेमचंदांची माणसे छोट्या होड्यांतून तिला गाठत आणि भावाची खबर इतरांआधी पेढीवर आणीत, असे सांगितले जाते. माणूस हुशार, कष्टाळू, दिलेल्या शब्दाला जागणारा होता, याविषयी त्यांच्या टीकाकारांनीही फारसा वाद घातलेला नाही.

पण ज्या संपत्तीने त्यांचे नाव मुंबईच्या घराघरांत पोहोचविले, तिचे मूळ मुंबईत नव्हते आणि लिव्हरपुलातही नव्हते. एप्रिल १८६१ मध्ये अमेरिकेत उत्तर आणि दक्षिण यांच्यात यादवी युद्ध पेटले. उत्तरेच्या आरमाराने दक्षिणेची बंदरे रोखली. लँकेशायरच्या गिरण्यांना लागणाऱ्या कापसापैकी तीन-चतुर्थांशांहून अधिक कापूस तोपर्यंत त्याच बंदरांतून येत असे. तो अडला आणि इंग्रज गिरणीवाल्यांना हिंदुस्थानचा आखूड धाग्याचा, कचरामिश्रित म्हणून नाके मुरडलेला कापूस एकाएकी गोड लागू लागला. भाव कित्येक पटींनी चढले. लोकांनी गाद्या उसवून आतला जुना कापूस विकल्याच्या कथा त्या काळापासून चालत आल्या आहेत. चार वर्षांत नेहमीच्या मिळकतीवर सात-आठ कोटी पौंडांची भर मुंबईत पडली, असा अंदाज पुढे केला गेला.

एवढा पैसा आला की त्याला वाट हवी असते. कंपन्या निघाल्या. १८६५ च्या आरंभी मुंबईत ३१ बँका, १६ वित्तसंस्था आणि समुद्र हटवून जमीन करू पाहणाऱ्या ८ कंपन्या होत्या. दहा वर्षांपूर्वी यांतले जवळजवळ काही अस्तित्वात नव्हते. बॅकबे रेक्लमेशन कंपनीच्या ५,००० रुपये भरणा झालेल्या शेअरला ५०,००० रुपयांहून अधिक भाव आला. या साऱ्या घडामोडींच्या मध्यभागी प्रेमचंद होते. नवी कंपनी निघाली की तिचे शेअर कोणाला मिळावेत, यावर त्यांचा शब्द चाले. बँक ऑफ बॉम्बेच्या कारभारावरही त्यांची छाप होती. १८६३ च्या नव्या कायद्याने या बँकेला शेअरच्या तारणावर कर्ज देण्याची मोकळीक मिळाली होती आणि तिचा उपयोग सढळ हाताने होत होता. ज्याच्या भावाचा भरवसा नाही त्या कागदावर कर्ज द्यायचे, त्या कर्जाने तोच कागद पुन्हा विकत घ्यायचा, मागणीने भाव चढला की तारणाची किंमत वाढली म्हणून आणखी कर्ज द्यायचे, असे ते चक्र होते. बँकेच्या व्यवहाराची थोडीबहुत ओळख असलेल्या कोणालाही आज त्याने घाम फुटेल. १८६४ मध्ये त्यालाच दूरदृष्टी म्हणत होते.

९ एप्रिल १८६५ रोजी जनरल ली यांनी शरणागती पत्करली. ही बातमी मुंबईला पोहोचायला काही आठवडे लागले. पोहोचली तेव्हा कापूस कोसळला आणि त्याच्यामागोमाग कागद. मुदतीच्या सौद्यांचा फडशा १ जुलै १८६५ रोजी व्हायचा होता. त्या दिवशी देणे फेडू शकणारे फार थोडे निघाले. बॅकबेचा शेअर २,००० रुपयांच्याही खाली आला. बँक ऑफ बॉम्बेच्या ज्या शेअरने एकेकाळी २,८५० रुपयांचा भाव पाहिला होता, तो ८७ रुपयांना विकला गेला. १८६६ पर्यंत स्वतः प्रेमचंदही कोसळले. बँक पुढे बुडाली, १८६८ मध्ये तिच्या जागी त्याच नावाची नवी बँक उभी राहिली आणि जुन्या बँकेच्या कारभारावर चौकशी आयोग बसला.

आता बाजाराच्या जिभेकडे पाहावे. जो पुरुष १८६४ मध्ये शहराचा भाग्यविधाता होता, तो दोन वर्षांत शहराला बुडविणारा ठरला. त्याची जी सवय काल धडाडी म्हणून वाखाणली जात होती, तिलाच आज अविचार म्हणू लागले. प्रेमचंदांची बुद्धी, पद्धत, स्वभाव यांत या दोन वर्षांत काहीही बदल झाला नव्हता. बदलली होती ती व्हर्जिनियातील एका गावातली परिस्थिती, आणि त्या गावाचे नाव मुंबईच्या दलालांपैकी कितीजणांनी ऐकले होते, याची शंकाच आहे. खरा न्याय करायचा तर चढत्या काळातही त्या कर्जांना अविचार म्हणायला हवे होते. आणि उतरत्या काळातही, युद्धाने दिलेले युद्धाने नेले, एवढे मान्य करायला हवे होते. दोन्ही वेळी लोकांनी केवळ निकाल पाहिला आणि निकालावरून निर्णयाची किंमत ठरविली.

त्याच लाटेत सापडलेल्या दुसऱ्या एका घराची कथा याच्या शेजारी ठेवली म्हणजे चित्र पुरे होते. नवसारीचे नसरवानजी टाटा यांची पेढीही कापसाच्या तेजीत गुंतली होती. त्यांचे चिरंजीव जमशेटजी धंद्याच्या कामासाठी लंडनला गेले आणि तेथे असतानाच जवळच्या कागदांची रद्दी झाली. तरुण जमशेटजींनी धनकोंसमोर खरी परिस्थिती मांडली. त्यांच्या सचोटीवर विश्वास ठेवून धनकोंनी त्यांनाच महिना २० पौंड पगारावर पेढीचा व्यवहार मिटविण्याचे काम दिले, असे त्यांच्या चरित्रात नमूद आहे. सचोटी खरीच, पण सचोटीने भांडवल परत येत नाही. ते आले १८६७-६८ च्या ॲबिसिनिया मोहिमेतून. सेनापती नेपियर यांच्या फौजेला रसद पुरविण्याच्या कंत्राटात नसरवानजींचा वाटा होता. मोहीम काही महिन्यांत संपली आणि कंत्राटदारांना घसघशीत नफा झाला. १८६९ मध्ये चिंचपोकळीची बंद पडलेली तेलगिरणी घेऊन तिची कापडगिरणी झाली. १ जानेवारी १८७७ रोजी नागपूरची एम्प्रेस मिल सुरू झाली.

जमशेटजींचे कर्तृत्व यामुळे तसूभरही कमी होत नाही. हाती आलेल्या पैशाचे काय करावे, हे त्यांना ठाऊक होते आणि तसे ते फार थोड्यांना ठाऊक असते. पण एका युद्धाने बुडविलेले घर दुसऱ्या युद्धाने तीन वर्षांच्या आत उभे केले, ही गोष्टही त्याच चरित्रात आहे आणि यशाच्या व्याख्यानांतून ती बहुधा गाळली जाते. १८६५ च्या जुलैत अशीच सचोटी असलेले, असेच कष्टाळू पण ॲबिसिनियाच्या कंत्राटात वाटा नसलेले व्यापारी मुंबईत नव्हते काय? असणारच. त्यांची चरित्रे कोणी लिहिली नाहीत. यशाची सूत्रे सांगणारी पुस्तके तरलेल्यांच्या मुलाखती घेऊन लिहिली जातात; बुडालेल्यांकडेही तीच सूत्रे होती की नव्हती, हे तपासायला कोणी जात नाही. पहाटे पाचला उठणारे यशस्वी झाले, एवढेच कळते. पहाटे पाचला उठून दिवाळे निघालेल्यांची गणती कोठेच नसते.

हे सारे जुने झाले, असे कोणी म्हणेल. तर एकाच घरातील दोन भाऊ समजावेत. वडिलांनी वाटणी करताना थोरल्याला कापडाचे दुकान दिले, धाकट्याला किराणा मालाचे. त्या दिवशी सर्वांच्या मते थोरल्याची बाजू वरचढ होती. २५ मार्च २०२० रोजी टाळेबंदी सुरू झाली. त्या दिवशी गुढीपाडवा होता. अक्षय्यतृतीया महिन्यावर आली होती. लग्नसराईचा माल कपाटांत भरून ठेवलेला होता. कापडाचे दुकान बंद झाले. किराणा अत्यावश्यक ठरला आणि चालू राहिला. दोन वर्षांनी थोरल्याच्या डोक्यावर कर्ज होते आणि धाकट्याचे दुसरे दुकान उघडले होते. यानंतर नात्यागोत्यात जे बोलले जाते, ते ऐकण्यासारखे असते. धाकटा पहिल्यापासूनच हिशेबी होता. थोरल्याच्या हातात पैसा टिकत नाही, हे वडिलांनाही ठाऊक होते. व्याही मंडळी सोयरीक जुळविताना थोरल्याच्या घराविषयी आवाज खाली करून चौकशी करतात. सुताचा व्यापारी, ज्याने वीस वर्षे त्याच्याशी तोंडी व्यवहार केला, तो आता रोखीचा आग्रह धरतो. घरातल्या मुलांना सांगितले जाते की धंदा शिकायचा तर काकांच्या दुकानात बसावे.

यात कोणी मुद्दाम खोटे बोलत नसतो; हेच या दोषाचे वैशिष्ट्य. १९७५ साली बारुख फिशहॉफ आणि रूथ बेथ या संशोधकांनी एक साधा प्रयोग प्रसिद्ध केला. राष्ट्राध्यक्ष निक्सन १९७२ मध्ये चीन आणि रशियाच्या दौऱ्यावर निघण्यापूर्वी त्यांनी विद्यार्थ्यांना विचारले होते, की या दौऱ्यात अमुक घडण्याची शक्यता तुम्हाला किती वाटते? दौरा झाल्यावर काही काळाने त्यांनाच पुन्हा विचारले, की तुम्ही तेव्हा काय अंदाज दिला होता? जे घडले असे त्यांना वाटत होते, त्याविषयीचा आपला जुना अंदाज बहुतेकांना प्रत्यक्षाहून मोठा आठवला. निकाल कळला की स्मृती स्वतःहून मागे जाऊन जुन्या नोंदी दुरुस्त करते. थोरला हातचा सैल होता, ही ‘आठवण’ त्यातलीच. २०१९ च्या दिवाळीत ती कोणाला आली नव्हती.

त्याच वर्षी एलेन लँगर यांनी लॉटरीचा प्रयोग प्रसिद्ध केला. एका डॉलरचे तिकीट काहींना स्वतः निवडू दिले, काहींच्या हातात नुसते ठेवले. नंतर तिकीट परत विकत मागितले तेव्हा नुसते हातात ठेवलेल्यांनी सरासरी १.९६ डॉलर मागितले. स्वतः निवडलेल्यांनी ८.६७ डॉलर. सोडतीला तिकीट कोणी निवडले याच्याशी काही कर्तव्य नसते. निवडणाऱ्याला मात्र असते. शेअरबाजारात दोन-तीन वर्षे चांगली गेलेल्या तरुणांना हे दोन आकडे दाखविण्याजोगे आहेत. त्यांना पुरेसे वाटले नाहीत, तर डॅनिएल कानमन यांचा अनुभव सांगावा. श्रीमंत ग्राहकांचा पैसा गुंतविणाऱ्या एका संस्थेतील २५ सल्लागारांची ८ वर्षांची कामगिरी त्यांच्यापुढे आली. एका वर्षीचा हुशार दुसऱ्या वर्षीही हुशार ठरतो का, हे त्यांनी तपासले. कौशल्य असते तर वर्षावर्षांतला हा संबंध १ च्या दिशेने झुकायला हवा होता. सरासरी निघाली ०.०१. संस्था मात्र दरवर्षी याच कामगिरीवर बक्षिसे वाटत होती. कानमन यांना २००२ मध्ये अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. या संस्थेला त्यांनी काढलेला आकडा कळविला, त्यानंतरही तिचा व्यवहार पूर्ववत चालू राहिला, असे त्यांनीच लिहून ठेवले आहे.

येथे धार्मिक घरांतून एक उत्तर हमखास येते: हा सारा पुण्योदय आहे. उत्तर श्रद्धेचे आहे आणि स्वतःच्या यशाविषयी ते दिले तर माणसाला नम्र करते. अडचण होते ती ते दुसऱ्याच्या तोट्याला लावले जाते तेव्हा. लाभांतराय कर्माचा विचार स्वतःचे मन स्थिर ठेवण्यासाठी सांगितला आहे. थोरल्या भावाची उधारी बंद करण्याचे कारण म्हणून सांगितलेला नाही. शिवाय शास्त्राची भूमिका एवढी एकेरी नाही. आचार्य सिद्धसेन दिवाकरांनी सन्मतितर्कात काल, स्वभाव, नियती, पूर्वकृत आणि पुरुषार्थ अशी पाच कारणे मांडली आहेत आणि यांपैकी एकालाच धरून बसणे हे मिथ्यात्व, सर्वांचा समवाय मानणे हे सम्यक्त्व, असे म्हटले आहे. व्याख्यानात हे पाच समवाय ऐकून माना डोलविणारे व्यापारी दुकानात परतले की जावयाच्या नफ्याला एकच कारण देतात आणि मेहुण्याच्या तोट्यालाही एकच.

व्यवहारात यातून काय निघते, हे पाहणे अवघड नाही, पाळणे अवघड आहे. कर्ज देताना एका तेजीच्या वर्षाच्या ताळेबंदावर जाऊ नये, हा बँकांचा जुना दंडक आहे. त्याचे कारणही हेच. फार चांगल्या वर्षात कौशल्याबरोबर दैवाचाही मोठा वाटा असतो आणि दैव दरवर्षी हप्ता भरत नाही. तेच फार वाईट वर्षाचे. म्हणून धाकट्याला तिसरे दुकान काढून देण्यापूर्वी आणि थोरल्याला घरी बसविण्यापूर्वी दोघांनी आपापले निर्णय घेतले तेव्हा त्यांना काय माहीत होते, एवढेच विचारावे. लग्नसराईपूर्वी कापड भरणे हा २०२० च्या फेब्रुवारीत योग्यच निर्णय होता. माल उधारीवर किती घेतला, गंगाजळी किती ठेवली, हे प्रश्न मात्र थोरल्याला विचारण्यासारखे आहेत. आणि खरे तर धाकट्यालाही, कारण त्याची गंगाजळी रिकामी असली तरी ती त्या वर्षी कोणाला दिसली नसती.

यासाठी एक साधन घरातच आहे. मोठी खरेदी, नवे दुकान, मोठी उधारी यांचा निर्णय ज्या दिवशी होतो, त्या दिवशी दोन ओळी वहीत लिहाव्यात: कशाच्या भरवशावर हे करीत आहोत, आणि काय घडले तर हे चुकेल. खाली तारीख घालावी. दोन वर्षांनी निकाल लागल्यावर ते पान काढून वाचावे. ज्या घरांत ही सवय नाही, तेथे प्रत्येक निकालानंतर सर्वांना सर्व काही आधीपासून माहीत असते. पान समोर असले की आवाज थोडे खाली येतात. थोरल्याच्या दुकानाचे असे एखादे पान असते, तर नात्यातील कितीजणांनी त्या खरेदीला संमती दिली होती, हेही त्यावर दिसले असते.

प्रेमचंद १८६६ नंतर पुन्हा दलालीकडे वळले आणि १९०६ पर्यंत जगले. मुंबई विद्यापीठाला ग्रंथालयासाठी २ लाख आणि आपल्या मातोश्री राजाबाई यांच्या नावाच्या मनोऱ्यासाठी आणखी २ लाख रुपये त्यांनी देऊ केले, ते १८६४ मध्ये, तेजीच्या ऐन भरात. हाच विचार त्यांच्या मनात दोन वर्षे उशिरा आला असता, तर तो तडीस नेण्याइतके त्यांच्याजवळ काही उरले नसते. मनोऱ्याचे बांधकाम १८६९ च्या मार्चमध्ये सुरू झाले आणि १८७८ च्या नोव्हेंबरात पूर्ण झाले. तेव्हा कापसाची तेजी ओसरून तेरा वर्षे झाली होती.